सोफ्यात सापडलेले ४०,८०० डॉलर

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात न्यू पाल्ट्झ नावाचं एक छोटं गाव आहे. फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, कुटुंबांनी १६७८ मध्ये ते वसवलं. त्यांच्या वंशजांनी बांधलेली दगडी घरं अजून उभी आहेत आणि लोक ती बघायला येतात. पण आज गावात गजबज असते ती राज्य विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांची. भाड्याच्या घरात तिघं-चौघं मिळून राहायचं, शिकता शिकता काहीतरी काम करायचं, महिनाअखेर कशीबशी गाठायची, असं तिथल्या पोरांचं आयुष्य.

२०१४ च्या वसंतात या गावात जे घडलं, त्याची बातमी मे महिन्यात तिथल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या 'लिटिल रिबेलियन' या बातमीपत्रात आली. मग मोठ्या वाहिन्यांनी ती उचलली आणि 'प्रामाणिक मुलं, आनंदलेली आजी' अशा दोन ओळींत तिचा निकाल लावून टाकला. मला हे प्रकरण त्याहून बरंच मोठं वाटतं. तरुणांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करताना आपण पैसे परत केल्याचा शेवटचा क्षण तेवढा बघतो. इथे मात्र सापडणं आणि परत देणं यांच्यामधला वेळही आपल्यासमोर आहे, कारण त्या मुलांनी तो लपवला नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडते.

घडलं काय

दोन मुली आणि एक मुलगा. तिघंही विशीतले, एका घरात भाड्यानं राहणारे. बैठकीच्या खोलीत बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून मार्च महिन्यात त्यांनी साल्व्हेशन आर्मीच्या दुकानातून एक जुना सोफा घेतला. ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था. लोक घरातलं नको असलेलं सामान तिला देऊन टाकतात, ती ते स्वस्तात विकते आणि आलेल्या पैशातून आपलं काम चालवते. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना अशी दुकानं चांगली ओळखीची असतात. पहिल्या सेमिस्टरचं टेबल, दिवा, कढईच्या जागी चालवून घेतलेलं पातेलं, सगळं तिथूनच येतं.

सोफा दिसायला कुरूप होता आणि त्याला वासही येत होता. पण खोलीत मावेल असा तेवढा एकच होता आणि किंमत होती वीस डॉलर. घेतला. पुढचे काही आठवडे सगळे त्यावर बसत होते, लोळत होते. एप्रिलमधल्या एका रात्री तिघं सिनेमा बघत बसले होते. सोफ्याच्या हाताच्या उशीत काहीतरी सारखं टोचत होतं. मुलानं आत हात घातला, तर बबल रॅपमध्ये गुंडाळलेला एक लिफाफा हाताला लागला. त्यात सातशे डॉलर होते.

मग तिघांनी सोफा अक्षरशः पिंजून काढला. एक लिफाफा निघाला, दुसरा निघाला, निघतच राहिले. एकेकात हजारांनी डॉलर. तिघांनी असा काही आरडाओरडा केला की यांना लॉटरी लागली की काय, असं शेजाऱ्यांना वाटलं. सगळ्या नोटा पसरून मोजल्या तेव्हा बेरीज आली ४०,८०० डॉलर.

हा आकडा त्यांच्या बाजूनं पाहायला हवा. न्यूयॉर्क राज्यात त्या वर्षी किमान वेतन तासाला ८ डॉलर होतं. म्हणजे ४०,८०० डॉलर मिळवायला ५,१०० तास राबावं लागलं असतं. शिकता शिकता आठवड्याला वीस तास काम करणाऱ्याची ही जवळजवळ पाच वर्षांची कमाई, आणि तीही एक पैसा खर्च न करता. आपल्या रुपयांत, त्या वेळच्या दरानं, चोवीस लाखांच्या वर. शिक्षणाच्या कर्जाचं ओझं अमेरिकन तरुणांच्या मानेवर कसं असतं ते वेगळं सांगायला नको. वीस डॉलरचा सोफा निवडून आणणाऱ्या मुलांच्या हातात ही रक्कम आली होती, तीही रोख, आणि बघणारं चौथं कुणी नव्हतं.

मधला वेळ

आपल्याकडे अशा बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'क्षणाचाही विचार न करता रक्कम परत केली.' कौतुकानंच लिहिलेलं असतं, पण मला ते वाक्य खटकतं. या तिघांनी विचार केला, चांगला भरपूर केला. एवढ्या पैशांत काय काय करता येईल याचे मनसुबे रचून झाले. पैसे ठेवून घ्यावेत का, यावरही बोलणं झालं. नंतर मुलाखतींत त्यांनी हे सगळं मोकळेपणानं सांगितलं. आम्ही मोठे साधुसंत आहोत, असा आव एकानंही आणला नाही.

मोह झाला म्हणजे प्रामाणिकपणा उणा ठरला, असं मी मानत नाही. ज्याला गरज नाही त्यानं परत करणं आणि ज्याला गरज आहे त्यानं परत करणं, यांचं वजन एक नसतं. इथे गरज होती, संधी होती, आणि स्वतःला पटवायला एक सोयीचं कारणही तयार होतं: सोफा आम्ही रीतसर विकत घेतलाय, मग आतलंही आमचंच. ऐकायला हे कारण तसं वाईट नाही. पण विकणारानं वीस डॉलर घेतले ते सोफ्याचे. आत काय आहे हे ना त्याला ठाऊक होतं, ना ज्यांनी सोफा दान दिला त्यांना. जी वस्तू देतोय हेच देणाऱ्याला माहीत नाही, ती त्यानं दिली असं कसं म्हणायचं? सोफा मुलांचा झाला होता. पैसे झाले नव्हते.

ती तिघं होती, याचाही विचार करावासा वाटतो. एकट्याच्या मनात आलेला मोह मनातच मुरतो. तिघांच्यात तो बोलून दाखवावा लागतो, आणि बोलून दाखवलं की स्वतःच्याही कानावर पडतो. अर्थात तिघं मिळून उलटही करू शकतात. 'वाटून घेऊ, कुणाला सांगायचं नाही' हा ठरावही तिघांतच होतो आणि तो टिकतोही. म्हणून संख्येला सगळं श्रेय देता येत नाही. महत्त्वाचं हे की त्या खोलीत कुणीही कुणाचं तोंड बंद केलं नाही. 'असं नको करायला' म्हणणाऱ्याला भोळसट ठरवण्याची आपल्याकडच्या मित्रमंडळींत जी रीत दिसते, ती तिथे चालली नाही.

आणि मग एका लिफाफ्यात त्यांना एक नाव मिळालं. एका बाईचं नाव.

या प्रकरणाचा कणा मला या जागी दिसतो. नाव मिळेपर्यंत ते नुसते पैसे होते. नाव मिळालं आणि ते कुणाचे तरी पैसे झाले. आता ठेवून घ्यायचे तर त्या नावाच्या माणसाला डोळ्यांसमोरून पुसावं लागणार होतं. तिघांना ते जमलं नाही. मालकाचा शोध घ्यायचा, हे ठरलं.

फोन

शोधही फार अवघड गेला नाही. मुलाच्या आईनं टेलिफोन डिरेक्टरीत ते नाव शोधून नंबर कळवला. तिघांपैकी एकानं फोन लावला. तुमचं काहीतरी आमच्याकडे आलंय असं वाटतं, असं म्हणून सोफ्याचा विषय काढला. पलीकडून आवाज आला तो एका म्हाताऱ्या बाईचा. त्या सोफ्यात माझे बरेच पैसे आहेत आणि मला त्यांची फार गरज आहे, असं त्या बाईंनीच सांगितलं.

हे बोलणं कसं झालं ते बघा. पैशांचा उल्लेख मालकाकडून आधी आला. कुणाला काही परत करायची वेळ आली तर हीच रीत बरी: आपण वस्तूचा अंदाज द्यायचा, खुणा समोरच्याला सांगू द्यायच्या. हे ठरवून केलं की आपसूक झालं कोण जाणे, पण पैसे खऱ्या माणसाच्या हाती जाणार याची खात्री तिथेच पटली.

यानंतर तिघांनी आपलं काम सोपं करून घेतलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. लिफाफे पोलिसांच्या हवाली करता आले असते, किंवा 'येऊन घेऊन जा' म्हणता आलं असतं. ती तिघं गाडी काढून स्वतः त्या बाईंच्या घरी गेली, त्यांच्याजवळ बसली आणि सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले. पैसे परत करणं हा प्रामाणिकपणा झाला. पण एकटी, आजारातून उठलेली म्हातारी बाई आहे, तिला खेटे घालायला लावायचे नाहीत, हे ज्याला सुचतं त्याच्याकडे प्रामाणिकपणापेक्षा जास्तीचं काहीतरी असतं. कितीतरी लोक चोख असतात आणि कोरडे असतात. ही मुलं तशी नव्हती.

आजींची बाजू

आजी तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. आपलं नाव बाहेर येऊ नये अशी त्यांची इच्छा होती आणि मुलांनी ती पाळली. एवढा गाजावाजा होऊनही त्यांनी ते नाव सांगितलं नाही.

आजींचे यजमान पूर्वीच गेलेले. त्यांना हृदयविकार होता. आपल्यामागं बायकोचं कसं होणार, ही काळजी त्यांना लागून राहिली होती, म्हणून पैसे बाजूला टाकत जा असं ते तिला सांगत. आजी फुलांच्या व्यवसायात काम करत. वर्षानुवर्षं थोडे थोडे करत त्यांनी पैसे साठवले आणि सोफ्यात ठेवले. पुढे पाठीचं दुखणं वाढलं, हॉस्पिटलात राहावं लागलं. त्या सोफ्यावर झोपतात हे घरच्यांना माहीत होतं आणि पाठीला ते बरं नाही हेही दिसत होतं. म्हणून मुलगी-जावयानं त्यांच्यासाठी नवा पलंग आणला आणि तो जुना, वास मारणारा सोफा देऊन टाकला. आजी घरी आल्या तेव्हा सोफा गेलेला होता.

इथे कुणीही वाईट वागलेलं नाही. लेकीनं आईच्या पाठीचा विचार केला. संस्थेनं दान आलेली वस्तू विकली. नुकसान झालं ते मायेपोटी. आपला जन्माचा ठेवा लेकीच्या हातून गेलाय, हे आजींना कोणत्या तोंडानं बोलता आलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

बँकेत का ठेवले नाहीत, असा प्रश्न पडतोच. आजींचं वय बघता त्यांचा जन्म १९२३ च्या सुमाराचा. १९३० ते १९३३ या महामंदीच्या वर्षांत अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. ठेवींना विम्याचं संरक्षण देणारी सरकारी संस्था उभी राहिली ती त्यानंतर, १९३३ मध्ये. आजींच्या मनात नेमकं काय होतं ते त्याच जाणोत, पण त्यांच्या पिढीनं लहानपणी हे सगळं जवळून पाहिलं होतं.

आणि आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत काय बाहेर आलं ते आठवा. डाळीच्या डब्यात खुपसलेल्या नोटा, जुन्या साडीच्या घडीतल्या, देव्हाऱ्यामागच्या, गोधडीला आतून टाके घालून शिवलेल्या. घरखर्चातून वाचवलेले, भावानं ओवाळणीत घातलेले, शिवणकामाचे. नवऱ्याला माहीत नव्हते, मुलांना माहीत नव्हते. बाईच्या हाताशी स्वतःचं म्हणून जे काही असतं ते असं, कुणाला न सांगता जमवलेलं असतं. म्हणून तर त्या गादीचं किंवा सोफ्याचं काय होतं, यावर कुणाचं तरी म्हातारपण अवलंबून असतं.

अनपेक्षित कशामुळे?

बातमी जगभर गेली, कारण कुणालाही ती अपेक्षित नव्हती. तरुण मुलं, भाड्याचं घर, कडकी: एवढं ऐकलं की पुढचं आपण मनातल्या मनात लिहून टाकतो. हे लिहिणं किती चुकतं, याचा एक भक्कम पुरावा पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकातून पुढे आला.

संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत, भारतातसुद्धा, १७,३०३ पाकिटं 'हरवली'. बँक, पोस्ट, हॉटेल, नाट्यगृह, पोलीस चौकी अशा ठिकाणी एक माणूस जायचा, हे रस्त्यावर सापडलं, मला घाई आहे, तुम्ही बघा, असं म्हणून पारदर्शक पाकीट काउंटरवरच्या माणसाकडे देऊन निघून जायचा. पाकिटात मालकाचं नाव आणि ईमेल असलेली कार्डं, किराण्याची यादी आणि एक किल्ली. काहींत पैसे, काहींत नाहीत. पैसे जास्त तितकी पाकिटं कमी परत येतील, असा आपला हिशेब असतो. झालं उलटं. ४० पैकी ३८ देशांत पैसेवाल्या पाकिटांसाठी मालकाला जास्त वेळा कळवलं गेलं. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत मोठी रक्कम, सुमारे ९४ डॉलर, ठेवून पाहिली. रिकाम्या पाकिटांपैकी ४६ टक्के, थोडे पैसे असलेल्यांपैकी ६१ टक्के आणि मोठी रक्कम असलेल्यांपैकी ७२ टक्के पाकिटांच्या बाबतीत मालकाशी संपर्क साधला गेला. असं होईल हा अंदाज ना सामान्य लोकांना बांधता आला, ना नामवंत अर्थतज्ज्ञांना.

संशोधकांनी याची दोन कारणं दिली. रक्कम मोठी असली की ठेवून घेणारा स्वतःच्याच नजरेत चोर ठरतो आणि ते सोसवत नाही. दुसरं कारण म्हणजे मालकाविषयी वाटणारी काळजी. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते, मालकाच्या असते. किल्ली असलेली पाकिटं बिनकिल्लीच्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. न्यू पाल्ट्झच्या मुलांच्या बोलण्यात ही दोन्ही कारणं दिसतात: हे आपण कमावलेले नाहीत, आणि हे ज्याचे आहेत त्याला लागणार आहेत.

एक खबरदारी घ्यायला हवी. चाळीस हजार डॉलर म्हणजे ९४ डॉलर नव्हेत, आणि ज्यांनी सापडलेले पैसे गुपचूप ठेवून घेतले त्यांची बातमी कधीच होत नाही. एका प्रकरणावरून सगळी तरुण पिढी अशीच आहे म्हणता येणार नाही. पण 'आजकालच्या पोरांकडून कसली अपेक्षा' हे जे आपण उठता-बसता म्हणतो, त्याला तर एवढ्या प्रकरणाचाही आधार नसतो.

कायदा आणि बक्षीस

न्यूयॉर्कच्या कायद्यात वीस डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची हरवलेली किंवा कुठे ठेवून विसरलेली वस्तू सापडली, तर ती दहा दिवसांत मालकाला परत करावी किंवा पोलिसांकडे जमा करावी असं आहे. मोठ्या रकमेचा मालक ठरावीक मुदतीत पुढे आलाच नाही, तर ती सापडणाऱ्याला मिळू शकते. आपल्याकडेही कायदा जवळपास हेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर, दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेल्या वस्तूइतकीच जबाबदारी टाकतं. मालक माहीत असताना, किंवा शोधता येण्यासारखा असताना, ती वस्तू स्वतःसाठी वापरली तर तो गुन्हा. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. लिफाफ्यातल्या त्या नावाचं महत्त्व कायद्याच्या नजरेतही असं मोठं आहे.

बक्षिसाचंही कायद्यात आहे. आपल्या करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे, मालकानं बक्षीस जाहीर केलेलं असेल तरच सापडणाऱ्याला ते हक्कानं मागता येतं. आजींनी काहीच जाहीर केलेलं नव्हतं आणि मुलांनी काही मागितलं नाही. आजींनी आपणहून तिघांत मिळून हजार डॉलर दिले आणि त्यांनी ते घेतले.

'खरे प्रामाणिक असते तर बक्षीस नाकारलं असतं' असं म्हणणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ९१ व्या वर्षी, आयुष्यभर जपलेल्या पैशांतून आजी आपल्या हातानं काही देत होत्या. पोरांकडून उपकार घेऊन गप्प बसावं लागणारी बाई, या भूमिकेत त्यांना राहायचं नव्हतं. आपल्याकडे घरी आलेल्या मुलाच्या हातावर आजी शंभराची नोट ठेवते आणि 'राहू दे आजी, कशाला' म्हणणाऱ्याला दटावून ती घ्यायला लावते. त्या नोटेला नाही म्हणणं हा आजीचा अपमान असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या तिघांनी हजार डॉलर घेतले, ते बरोबर केलं.